प्रज्ञाधराची मोटार येईपर्यंत

डोणगाव, ३ मे १९६१

शाळेला सुटी लागली. आजपासून कादंबरी लिहायला घेतली आहे. नाव ‘अर्थशोध’. विषय गंभीर आहे. माणसाच्या जगण्याला अर्थ आहे की नाही, असल्यास कोणता, हे शास्त्रीय पद्धतीने शोधायचे आणि शेवटच्या प्रकरणात स्पष्ट उत्तर द्यायचे. गेल्या महिन्यात रशियाचा माणूस यानात बसून पृथ्वीला फेरी मारून आला. अशा काळात या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधत बसणे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभत नाही.

खरे कारण इथेच लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखे नाही. गेल्या आषाढात आमची मुलगी तापाने गेली. चार महिन्यांची होती. तेव्हापासून मनकर्णा घरातले सगळे करते, पण बोलत नाही. म्हणजे ‘मीठ संपलं’, ‘दळन आनलं का’ एवढे बोलते. होळीच्या सुमारास भाकरी थापता थापता तिने एकदम विचारले, “काऊन जगावं मानसानं?”

मी इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो. मला उत्तर आले नाही. म्हणालो, “विचार करून सांगतो.”

ती म्हणाली, “घाई नाई.”

६ मे

पहिले प्रकरण पूर्ण. दूरच्या ताऱ्याभोवती ज्ञानलोक नावाचा ग्रह आहे. तिथे रोग नाही, भूक नाही, लोक हजार वर्षे जगतात आणि उजेड पिऊन राहतात. एकदा त्यांच्या महासभेत प्रश्न निघतो की हे सगळे कशासाठी? कोणालाच आठवत नाही. मग प्रज्ञाधर नावाच्या तरुण पंडिताला पृथ्वीवर पाठवायचे ठरते. त्याच्या हातात अर्थमापक यंत्र. जगण्याचा अर्थ जवळ आला की त्यातला काटा हलणार.

जेवणे झाल्यावर अंगणात कंदिलापाशी मनकर्णाला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. ऐकते आहे की नाही कळेना. प्रकरण संपल्यावर म्हणाली, “त्याची माय काय म्हनली?”

“कोणाची?”

“त्या प्रज्ञाधराची. पोरगं इतक्या दूर चाल्लं.”

मी समजावून सांगितले की ज्ञानलोकात आई नसते, तिथे माणसे काचेच्या बरणीत तयार होतात. तिने खडा वेचून बाजूला टाकला. “मंग बोळवलं कोनी त्याले?”

शंका रास्त वाटली. एक परिच्छेद वाढवला. बरण्या पुसणारा म्हातारा यानापाशी येतो आणि म्हणतो, “वाटेत थंडी असन, कानाले बांधून घे.” अंतराळात थंडी असते हे शास्त्राला धरून आहे.

९ मे

यान लोणारला उतरवले. तिथले तळे आकाशातून काही पडून झाले असे काही विद्वान म्हणतात, तेव्हा जागा योग्य. प्रज्ञाधर खाऱ्या पाण्यातून डोळे चोळत वर येतो. काठावर एक गुराखी. प्रज्ञाधर विचारतो, “हे मानवा, तुझ्या जगण्याचा अर्थ काय?” गुराखी हात जोडून म्हणतो, “मी अज्ञ आहे, ज्ञानी पुरुषा.”

मनकर्णा म्हणाली, “तो असं नाई म्हननार.”

“मग काय म्हणेल?”

“म्हनन, तिकून आला तं माही म्हैस पाह्यली का?”

वास्तवता हवी म्हणून तसा बदल केला. आता प्रज्ञाधराला आधी म्हैस शोधावी लागते आणि त्यातच प्रकरण संपते. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. शेजारच्या पंजाबरावांची आई, तानुबाई. म्हातारीला ऐकू कमी येते, काहीतरी भलतेच ऐकले असेल.

१३ मे

प्रज्ञाधराला हिमालयात न्यायचे आहे. तिथे एका योग्याशी त्याचा तात्त्विक संवाद होणार, चाळीस पाने तरी. त्यासाठी त्याला मेहकरच्या मोटारस्टँडवर आणले. पण मोटार येण्याआधी त्याने नुसते उभे राहावे हे मनकर्णाला पटेना. “त्याले कोनी चहा बी नाई इचारला?”

म्हणून चहावाला घातला. प्रज्ञाधर त्याला गंभीरपणे म्हणतो, “बंधो, मी अर्थाच्या शोधात आलो आहे.” चहावाला म्हणतो, “अर्थ कोनाले नाई पाह्यजे, बाप्पा? पन अठी उधारी बंद हाय.” मग प्रज्ञाधर यंत्र पुढे करतो. चहावाल्याला वाटते, वजन करायचा काटा आहे. तो त्यावर साखर ठेवतो.

इथवर वाचले आणि मनकर्णा तोंडाला पदर लावून उठून आत गेली. ठसका लागला असावा. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, “काई नाई. जा तुमी, वाचा पुढं.” तिथे ऐकायला दुसरे कोणी नव्हते. एकटाच वाचत बसलो.

१४ मे

सकाळी तानुबाई भिंतीवरून म्हणाल्या, “मास्तर, काल तुमची बायको हासली.”

“ठसका होता.”

“सासू झाली मी तीन सुनांची. मले ठसका शिकवता काय?”

दिवसभर मन लागले नाही. वर्षाने हसली याचा आनंद व्हायला हवा, तो झाला. पण माझ्या ग्रंथाला हसली. मी तिच्याच प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे आणि ती हसते. ज्या जागी हसली ती मी पुन्हा वाचून पाहिली. तिथे हसण्यासारखे काही नाही.

१६ मे

कालपासून धोंड्याचा महिना लागला. तानुबाईंनी परस्पर गावभर निरोप दिलेला दिसतो. संध्याकाळी अंगणात बायका आल्या, त्यांच्यामागून गडी आले, पंजाबराव वांग्यांच्या वाफ्याला पाणी सोडून ओल्या पायांनी आले आणि सतरंजीवर बसले. मोटार अजून आलेली नाही. प्रज्ञाधर बाकावर एका म्हातारीशेजारी बसला आहे. तो तिला विश्वाचा विस्तार सांगतो आणि ती त्याला तिच्या जावयाचे सांगते.

लोक इतके हसले की मला दोनदा थांबावे लागले. मी म्हणालो, “मंडळी, ही गंभीर कादंबरी आहे.”

पंजाबराव डोळे पुसत म्हणाले, “तेच तं, मास्तर. तुमी असे गंभीर होऊन वाचता, मानूस मरून राह्यला हासून.”

१८ मे

आज हेडमास्तर नारायणराव ऐकायला आले. त्यांचे संस्कृत पक्के, रोज गीतेचा अध्याय म्हणतात, वर्गात कधी हसलेले कोणी पाहिले नाही. मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. मनात म्हटले, एक तरी जाणकार श्रोता मिळाला.

प्रज्ञाधर तिकीट काढायला जातो ते प्रकरण वाचले. खिडकीतला माणूस विचारतो, “कुठं जाचं?” प्रज्ञाधर म्हणतो, “अंतिम सत्याकडे.” तो म्हणतो, “थेट गाडी नाई. चिखलीले उतरून बदला.” नारायणरावांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यात तोंड घातले. खांदे हलत होते. मला वाटले, त्यांना गहिवरून आले.

जाताना माझा हात धरून म्हणाले, “सहदेव मास्तर, बायको गेल्यापासून असा हसलो नव्हतो. तुम्ही उत्तम विनोदी लिहिता.”

मी खुर्ची आत नेऊन ठेवली.

१९ मे

वाचन बंद केले. संध्याकाळी लोक आले, त्यांना प्रकृती बरी नाही म्हणून सांगितले. माणसाच्या सर्वांत मोठ्या प्रश्नाचा तमाशा करायला मी बसलेलो नाही.

मनकर्णाने पान मांडले. जेवायला वाढले. मग पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, “म्हनजे तो तसाच बसन काय तठी?”

“कोण?”

“त्याले कोनी वळखत नाई गावात. चहाबिगर काई पोटात नाई. तुमाले राग आला लोकायचा, त्यानं काय केलं तुमचं?”

मी म्हणालो, तो उजेड पिऊन राहतो.

“अंधार पडला आता,” ती म्हणाली आणि आत गेली.

२० मे

सकाळी उठून प्रज्ञाधराला जेवू घातले. बाकावरची म्हातारी आपली शिदोरी सोडते. ज्वारीची भाकरी, ठेचा. ज्ञानलोकात तिखट नाही. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी येते, तो यंत्राकडे पाहतो, काटा थरथरतो. त्याला वाटते अर्थ सापडला. म्हातारी म्हणते, “मिर्ची लागली, पानी पे.”

संध्याकाळी वाचले. मनकर्णा या वेळी उठून गेली नाही. मी वाचताना एकदा वर पाहिले, तर ती तानुबाईंच्या खांद्याला धरून हसत होती. माझी ओळ चुकली. कुठवर आलो ते सापडेना.

२२ मे

मनकर्णाचा भाऊ रंगराव साखरखेर्ड्याहून आला. छकडा जुंपून, बैलांच्या शिंगांना रंग लावून. धोंड्याचे आमंत्रण होते, पण मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊजी, माय म्हनते, मनीले काही महिने आमच्याजवळच राहू द्या. तुमच्या घरात ते सुकून राह्यली. मंग पाहू पुढचं पुढं.”

पुढचं पुढं म्हणजे काय, हे मी विचारले नाही. मुलीचा पाळणा मी माळ्यावर ठेवला आहे, त्याच्याखालून ती रोज शंभरदा जाते. रंगरावाचे चुकले असे म्हणता येत नाही. मी म्हणालो, तिची इच्छा असेल तसे.

मनकर्णाने भावाला पाणी दिले, गूळ दिला. म्हणाली, “येते नं. पन आता नाई जमत. त्याची मोटार यायची हाय.”

“कोनाची मोटार?” रंगराव म्हणाला.

तिने त्याला पहिल्या प्रकरणापासून सगळे सांगितले. तो दुपारभर ऐकत बसला, रात्री वाचनालाही थांबला, आणि पहाटे एकटाच छकडा घेऊन परत गेला. जाताना म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो.

२३ मे

एक गोष्ट लक्षात आली. मोटार आली नाही तर ती जाणार नाही.

२६ मे

मोटारीचे टायर फुटले. परवा रस्त्यात म्हैस आडवी बसली होती. काल ड्रायव्हरच्या साडूचे लग्न होते. आज मोटार स्टँडच्या दारापर्यंत आली आणि दुसऱ्याच गावाची निघाली. शास्त्रीय कादंबरीत हे सगळे बसत नाही हे मला कळते. हिमालयातला योगी कित्येक दिवस आसन मांडून बसला आहे, त्याच्याकडे जायला मला वेळ नाही.

पंजाबराव म्हणाले, “मास्तर, सोडा नं आता ते मोटार. तो गरीब मानूस बाकावर बसून बसून त्याचं बूड दुखत असन.”

मनकर्णा मात्र मोटार सोडा म्हणत नाही. दिवसा धुणे वाळत घालता घालता मला सुचवते, फाट्यावर गर्दी असन, पेट्रोल संपलं असन. आज तर ड्रायव्हरला तिने पडसे आणले. मला वाटते, तिला माझा डाव अजून कळलेला नाही.

२९ मे

रंगराव परत आला. या खेपेला सोबत मायने दिलेली चोळी आणि निरोप होता, “मले पोरीचं तोंड पाह्यचं हाय.”

मनकर्णाने चोळी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसली. म्हणाली, “माय थकली असन.” मग माझ्याकडे पाहिले. काही मागितले नाही.

मी आत जाऊन लिहायला बसलो. टायर पुन्हा फोडावे असे आधी मनात आले. दोन ओळी तशा लिहिल्यासुद्धा. मग त्या खोडल्या. माणसाला बाकावर बसवून ठेवता येते, पण ते माझ्यासाठी. त्याच्यासाठी नाही.

संध्याकाळी वाचले. मोटार येते. धुळीतून दिवे दिसतात. प्रज्ञाधर यंत्र काखेत मारून चढतो, म्हातारी त्याला खालून शिदोरीचे फडके देते, मोटार निघते. एवढेच. कोणी हसले नाही. तानुबाई म्हणाल्या, “बरं झालं बाई, गेला एकदाचा,” आणि पदराने नाक पुसले.

मनकर्णा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “तुमी मोटार आनली.”

मी म्हणालो, “वेळ झाली होती.”

३० मे

गेली. सकाळी लवकर, उन्हाच्या आधी. छकडा वळेपर्यंत मी दारात उभा होतो. तिने वळून पाहिले का, हे धुळीमुळे सांगता येत नाही. धोंड्याला अकरा तारखेला या, असे रंगराव म्हणाला. किती दिवस ठेवणार हे तो बोलला नाही, मीही विचारले नाही.

३ जून

लिहिणे होत नाही. प्रज्ञाधराला हिमालयात नेले, योग्यासमोर बसवले. योग्याने तोंड उघडले आणि पुढे काय बोलावे हे मला सुचेना. तो काहीही बोलला तरी मनकर्णाचा आवाज ऐकू येतो, “तो असं नाई म्हननार.” ते खरेच आहे. तो असे म्हणणार नाही.

तानुबाई भाकरी आणून देतात. आज म्हणाल्या, “आनत काऊन नाई तिले?”

“तिची इच्छा असेल तर येईल.”

“इच्छा सांगाले बायकाईले पोस्टात नोकरी असते काय? जाऊन इचारा.”

७ जून

योग्याचे प्रकरण फाडले. उत्तर नाही, हे मला आता कबूल केले पाहिजे. मी तिला ‘विचार करून सांगतो’ म्हणालो होतो. अकरा तारखेला जाऊन सांगायचे, की विचार केला, सापडले नाही. घरी चल म्हणायचे की नाही, हे अजून ठरत नाही.

१२ जून, साखरखेर्डा

कालचे सगळे आज सकाळी लिहितो आहे.

मेहकरला मोटार खरोखर उशिरा आली. मी बाकावर बसून होतो. शेजारच्या माणसाने विचारले, “कुठं जाचं, गुरुजी?” मी त्याला तिकीट दाखवले.

साखरखेर्ड्याला पोचेतो दिवे लागले होते. सासऱ्यांच्या वाड्यापाशी आलो, तर अंगणात माणसे दाटून बसलेली. मला वाटले, काही अशुभ घडले.  गोठ्याच्या कडेने आत शिरलो आणि बैलांच्या मागे उभा राहिलो.

मधे कंदील होता आणि कंदिलापाशी मनकर्णा. ती सांगत होती. हातात कागद नाही, काही नाही.

प्रज्ञाधर मोटारीत चढला आहे. बसायला जागा नाही. एका बाईच्या मांडीवर कोंबडीची टोपली, पायाशी पिशवी आणि कडेवर पोर. ती बाई त्याच्याकडे पाहते आणि म्हणते, “भाऊ, रिकामाच उभा हायेस तं हिले धर जरा.” आणि पोर त्याच्या हातात देऊन मोकळी होते. ज्ञानलोकात बरण्या असतात, पोर धरायचे कसे हे त्याला माहीत नाही. तो तिला यंत्रासारखी दोन्ही हातांनी लांब धरतो. सगळी मोटार ओरडते, “अरे, मान धर तिची.”

“केवढी व्हती पोर?” अंगणातून एका बाईने विचारले.

मनकर्णा थांबली. मी बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

“चार महिन्याची असन,” ती म्हणाली. “दुर्गा नाव तिचं.”

ते नाव वर्षभरात आमच्या घरात कोणी घेतले नव्हते. सासूबाई अन्नपूर्णाबाई पुढच्याच ओळीत होत्या, त्यांनी मान खाली घातली. मनकर्णाने पदराने तोंड पुसले आणि तिचा आवाज पुन्हा चढला.

“तं मंग दुर्गीनं काय केलं? त्याच्या काखेतलं ते यंत्र धरलं, अन् काटा घातला तोंडात. प्रज्ञाधर म्हनते, बाळे, सोड, हे विश्वाचं मोजमाप हाय. ते सोडते काय? काटा वाकवला तिनं. अन् मंग त्याच्याकडं पाहून अशी हासली, अन् हासता हासता मुतली. थेट ज्ञानलोकाच्या पंडितावर.”

अंगण हसण्याने फुटले. आणि मी हसलो. स्वतःच्या कादंबरीला पहिल्यांदाच. मला तो प्रज्ञाधर दिसला, हात लांब केलेला, ओला झालेला, कोणाकडे तक्रार करावी हे न कळणारा, आणि हसू आवरेना. बैल दचकून बाजूला झाला, कोणीतरी कंदील वर केला, आणि सगळ्यांना गोठ्यात उभा असलेला जावई दिसला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते सगळे हसण्याचेच होते असे नाही.

“भाऊजी, तुमी तठी काय करून राह्यले?” रंगराव म्हणाला.

जेवताना धोंडे वाढायला मनकर्णाच आली. मी हळूच म्हणालो, “उत्तर सापडलं नाही मला.”

“कशाचं?”

“तू होळीला विचारलं होतं.”

ती तूप वाढत होती. थोडा वेळ आठवत राहिली. “हाव. इचारलं व्हतं,” ती म्हणाली. “खा आता. गार होते.” मग जाता जाता म्हणाली, “सकाळी लवकर निघू. तानुबाई वाट पाहत असन.”

यंत्राचा काटा वाकला, तर पुढे मोजमाप कसे होणार, हा तांत्रिक प्रश्न राहतोच. तो मी तिला विचारला. ती म्हणाली, त्याच्या ध्यानात बी नाई राह्यलं यंत्र, पोरगी झोपली व्हती नं खांद्यावर. शास्त्रीयदृष्ट्या हे समाधानकारक नाही. पण तूर्त तसेच लिहून घेतले आहे.

जेवणानंतर सासूबाईंच्या आग्रहाने मी माझ्याजवळचे प्रकरण वाचायला काढले. अर्धे पान झाले असेल. मनकर्णाची आत्या सत्यभामाबाई म्हणाल्या, “जावईबापू, राग नका मानू. तुमचं बी बरं हाय. पन तिलेच सांगू द्या.”

मी कागद घडी करून खिशात ठेवले, कंदील तिच्याकडे सरकवला आणि रंगरावाच्या शेजारी जागा करून ऐकायला बसलो.